पुरस्कारप्राप्त विज्ञान व अद्भुत कादंबऱ्यांचे वाङ्मयीन मूल्य : निवडक चार कादंबऱ्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

विज्ञान कादंबरी आणि अद्भुत कादंबरी हे दोन्ही वाङ्मयप्रकार वाचकप्रिय असले तरी विद्यापीठीय समीक्षेने त्यांना दीर्घकाळ दुय्यम मानले आहे. मराठीपुरता विचार केल्यास, विज्ञानकथेची चर्चा बहुधा 'त्यातील विज्ञान कितपत अचूक आहे' या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. याला ऐतिहासिक कारणे आहेत. 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धेद्वारे या लेखनाला व्यासपीठ मिळवून दिले. डॉ. जयंत नारळीकर यांनी 1974 साली याच स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली होती. विज्ञानप्रसार हे नारळीकर यांच्या या लेखनाचे एक घोषित उद्दिष्ट होते. 2021 साली नाशिक येथे झालेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, हा या वाङ्मयप्रकाराचाही गौरव होता. 2025 साली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या कार्याचे सर्वत्र स्मरण झाले. तथापि विज्ञानकथेला विज्ञानप्रसाराचे साधन मानण्याची सवय लागल्याने कादंबरी म्हणून तिचे मूल्यमापन करण्याचे काम मागे पडले, हे मान्य करावे लागते.

या उणिवेमुळे महाविद्यालयीन प्राध्यापकांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. ग्रंथालयासाठी कोणती पुस्तके मागवावीत, विद्यार्थ्याला काय वाचावयास सांगावे, तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात कोणती कादंबरी ठेवावी, असे प्रश्न आले की हाती असलेला एकमेव आधार म्हणजे पुरस्कारांची यादी. हा आधार कितपत विश्वसनीय आहे आणि यादीतील कादंबऱ्यांमधून वाचनीय कादंबरी निवडण्याचा निकष कोणता असावा, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात चार कादंबऱ्यांच्या आधारे केला आहे. या चार कादंबऱ्या अशा : उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969) व 'द डिस्पझेस्ड' (1974), अमिताव घोष यांची 'द कलकत्ता क्रोमोझोम' (1995) आणि एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' (2015).

पुरस्कारांचे स्वरूप व मर्यादा

या क्षेत्रातील प्रमुख पुरस्कार एकाच पद्धतीने दिले जात नाहीत. ह्यूगो पुरस्कार 1953 पासून दिला जातो. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद त्यासाठी मतदान करतात; म्हणजे हा मुख्यतः वाचकांचा कौल आहे. नेब्युला पुरस्कार अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांची संघटना देते. 1965 सालच्या लेखनापासून तो सुरू झाला आणि कादंबरीसाठीचा पहिला मान फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'ला मिळाला. हा समव्यवसायी लेखकांचा कौल होय. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार ब्रिटनमध्ये परीक्षक मंडळ देते. 1987 साली पहिला क्लार्क पुरस्कार मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल'ला मिळाला. वाचक, लेखक व परीक्षक या तिघांच्या अभिरुचीत फरक असणे स्वाभाविक आहे. त्यामुळे 'पुरस्कारप्राप्त' हे एकच विशेषण लावताना तो पुरस्कार कोणाचा, हे पाहणे आवश्यक ठरते.

पुरस्कारांचा इतिहास निर्दोषही नाही. ह्यूगो सुरू झाल्यानंतर कादंबरीसाठी तो एखाद्या स्त्रीला मिळण्यास 1970 साल उजाडावे लागले. ती लेखिका म्हणजे ले ग्विन. कृष्णवर्णीय लेखकाला हाच मान मिळण्यास 2016 साल उजाडले. ती लेखिका म्हणजे जेमिसिन. 2015 साली काही गटांनी संघटितपणे नामांकने भरून मतदान आपल्या बाजूस वळविण्याचा प्रयत्न केला. चीनमधील चेंगडू येथे भरलेल्या 2023 च्या संमेलनात आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबेल' या कादंबरीसह काही नावे कोणतेही कारण न देता अपात्र ठरविली गेली आणि 2024 च्या जानेवारीत आकडेवारी प्रसिद्ध झाल्यावर त्यावर मोठा वाद झाला. याच 'बेबेल'ला नेब्युला पुरस्कार मिळालेला होता. तात्पर्य, पुरस्कारांची यादी वाचनाची सुरुवात करण्यास उपयुक्त आहे, परंतु ती समीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

मूल्यमापनाचा निकष

डार्को सुविन यांनी 1979 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेची व्याख्या 'बोध' आणि 'अपरिचितीकरण' या दोन संकल्पनांच्या आधारे केली. परिचित जग अनोळखी करून दाखवायचे, परंतु ते अनोळखीपण तर्काला धरून असायचे, असा त्यांच्या मांडणीचा थोडक्यात आशय आहे. या मांडणीला पुढे नेऊन तीन कसोट्या सुचविता येतील. पहिली, कादंबरीत जो कल्पित नियम गृहीत धरला आहे तो केवळ देखाव्यापुरता न राहता भाषा, निवेदन व पात्रांचे परस्परसंबंध यांपर्यंत पोहोचतो काय? दुसरी, त्या नियमाचे परिणाम लेखक प्रामाणिकपणे दाखवितो काय, विशेषतः ते त्याच्या स्वतःच्या भूमिकेला गैरसोयीचे असतील तेव्हा? तिसरी, वाचकाला स्वतःच्या समाजाकडे पाहण्यासाठी कादंबरी काही नवे देते काय? विज्ञानाची अचूकता ही या तिन्हींना पूरक असू शकते, पण त्यांना पर्याय ठरू शकत नाही.

'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' : लिंगभाव आणि भाषा

या कादंबरीला नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळाले. गेथेन या हिमाच्छादित ग्रहावरील माणसे एरवी ना स्त्री असतात ना पुरुष. ठराविक काळाने येणाऱ्या 'केमर' या अवस्थेत त्यांना तात्पुरते कोणतेही एक लिंग प्राप्त होते. एकच व्यक्ती एखाद्या अपत्याची आई व दुसऱ्या अपत्याचा बाप असू शकते. राजादेखील गरोदर राहू शकतो. अनेक ग्रहांच्या संघाचा दूत म्हणून आलेला जेनली आय आणि कारहाइड देशाचा पदच्युत प्रधानमंत्री एस्ट्राव्हेन यांच्यातील अविश्वासाचे विश्वासात होणारे रूपांतर हे कादंबरीचे आशयसूत्र आहे. हिमनदीवरून दोघांनी केलेला दीर्घ प्रवास हा तिचा सर्वात समर्थ भाग होय. तंबूतील मोजका शिधा, बर्फावरून ओढायची गाडी आणि एकमेकांखेरीज कोणी नाही अशी अवस्था, यांतून जेनलीचे पूर्वग्रह एकेक करून गळून पडतात. लेखिका येथे उपदेश करीत नाही. परिस्थितीच ते काम करते.

तथापि पहिल्या कसोटीवर कादंबरी पूर्णपणे उतरत नाही. गेथेनच्या माणसांसाठी ले ग्विन यांनी इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम वापरले. परिणामी ही माणसे वाचकाच्या डोळ्यांसमोर पुरुष म्हणूनच उभी राहतात. 1976 साली लिहिलेल्या निबंधात ले ग्विन यांनी या निवडीचे समर्थन केले होते. पुढे 1987 साली त्याच निबंधाला टिपा जोडून त्यांनी ती भूमिका बदलली. आपल्याच गाजलेल्या कृतीतील उणीव लेखिकेने जाहीरपणे मान्य करावी, ही घटना समीक्षेच्या दृष्टीने मोलाची आहे.

मराठी वाचकासाठी हा प्रश्न अधिक खोल आहे. इंग्रजीत लिंगभेद सर्वनामापुरता राहतो, तर मराठीत तो क्रियापदात व विशेषणातही उतरतो. कादंबरीतील काही प्रकरणे एस्ट्राव्हेनच्या रोजनिशीच्या रूपात प्रथमपुरुषी आहेत. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग सहज झाकता येते. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांपैकी एकाची निवड करावीच लागते. मात्र मराठीच्या व्याकरणातच यावर काही उपाय दडलेले आहेत. कर्मणि प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. 'मी पत्र लिहिले' या वाक्यातून लिहिणाऱ्याचे लिंग कळत नाही. 'मी जाईन' हा भविष्यकाळ आणि 'मी जाई' हा रीतिभूतकाळ या दोहोंतही लिंग दिसत नाही. तृतीयपुरुषी आदरार्थी 'त्यांनी', 'त्यांना' ही रूपे स्त्री व पुरुष दोघांनाही सारखीच लागू पडतात. एस्ट्राव्हेनसारख्या प्रधानमंत्र्याला तर ती शोभूनही दिसतील. 'ते गेले' की 'त्या गेल्या' येथे मात्र पेच कायम राहतो. म्हणजे मूळ लेखिकेला जे साधले नाही ते काही अंशी साधण्याची संधी मराठी अनुवादकाला आहे, परंतु त्यासाठी संपूर्ण निवेदनाची वाक्यरचना नव्याने घडवावी लागेल. भाषाविज्ञान आणि अनुवादविद्या यांच्या अध्यापनासाठी याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

'द डिस्पझेस्ड' : स्वातंत्र्य आणि संस्था

नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार मिळालेली ही कादंबरी अनारेस आणि उरास या जुळ्या ग्रहांची कथा सांगते. उरासवर संपत्ती, सत्ता व विषमता आहे. ओडो या विचारवंत स्त्रीच्या अनुयायांनी रुक्ष अनारेसवर खाजगी मालमत्ता व शासनसंस्था नसलेला समाज उभारला आहे. येथील भाषेतही मालकीदर्शक शब्द टाळले जातात. मूल 'माझी आई' असे न म्हणता केवळ 'आई' म्हणते. पहिली कसोटी येथे भाषेच्या पातळीवर सहज पूर्ण होते. दोन्ही ग्रहांवरील प्रकरणे आलटूनपालटून येत असल्याने प्रत्येक समाज दुसऱ्याच्या उजेडात तपासला जातो.

या कादंबरीचे खरे सामर्थ्य दुसऱ्या कसोटीवर प्रकट होते. लेखिकेची सहानुभूती उघडपणे अनारेसच्या बाजूला आहे, तरीही तेथील दोष तिने झाकलेले नाहीत. जेथे कायदा नाही तेथे लोकमताचा दबावच कायद्याची जागा घेतो. जेथे पदे नाहीत तेथे प्रतिष्ठेच्या बळावर सत्ता गाजविणारे निर्माण होतात. भौतिकशास्त्रज्ञ शेवेक याच्या संशोधनाच्या प्रकाशनाची वाट संस्थेतील ज्येष्ठ सहकारी साबुल याच्या हाती आहे आणि आपले नाव सहलेखक म्हणून घातले जावे अशी साबुलची अट आहे. कोणत्याही महाविद्यालयातील अध्यापकाला हा प्रसंग परग्रहावरील वाटणार नाही. मालमत्ता नष्ट केलेल्या समाजातही ज्ञानाची मालकी शिल्लक राहते, हे लेखिकेने या एका अटीतून दाखविले आहे. पुढे उरासवर शेवेकला मानसन्मान मिळतो, परंतु तेथील शासनाला त्याचा सिद्धांत स्वतःच्या मालकीचा हवा असतो. अखेरीस तो आपला सिद्धांत सर्व जगांना खुला करतो. ज्ञान कोणाचे, या प्रश्नाला कादंबरीने दिलेले हे उत्तर आजच्या संशोधन-प्रकाशनाच्या व्यवहाराकडे पाहतानाही विचार करावयास लावणारे आहे.

कादंबरीत दोषही आहेत. उरासवरील एका मेजवानीत मद्याच्या अमलाखाली शेवेक व्हेआ या स्त्रीवर बळजबरी करू पाहतो. या प्रसंगाचे कादंबरी नैतिक उत्तरदायित्व घेत नाही. नायकाच्या मोहभंगाचा एक टप्पा एवढेच स्थान त्याला मिळते आणि व्हेआचा दृष्टिकोन कोठेही येत नाही. समतेच्या समाजाची कथा सांगणाऱ्या कृतीत ही त्रुटी लहान म्हणता येत नाही.

'द कलकत्ता क्रोमोझोम' : विज्ञानाचा दडलेला इतिहास

अमिताव घोष यांच्या या कादंबरीला 1997 साली आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी शोधले व 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ही इतिहासात नोंदलेली घटना आहे. डासांकडून चावून घेण्यास तयार झालेल्या हुसेन खान या रुग्णाला दर डासामागे एक आणा मिळत असे, हीदेखील इतिहासातीलच नोंद आहे. शोधाचे श्रेय एका नावापाशी थांबते आणि ज्यांच्या रक्तावर व श्रमांवर तो उभा राहिला ते लोक तळटिपेत जातात. घोष यांची कादंबरी नेमकी या तळटिपेतून सुरू होते.

कादंबरीतील मुरुगन या पात्राचा तर्क असा, की रॉस यांना त्यांच्या शोधाकडे कोणीतरी जाणीवपूर्वक नेले. प्रयोगशाळेतील सफाई कामगार मंगला आणि तिचे साथीदार रॉस यांच्या पुढे होते. त्यांचे उद्दिष्ट मात्र हिवतापाचे निदान नसून एका देहातून दुसऱ्या देहात व्यक्तित्व संक्रमित करणे हे होते. हिवतापाच्या तापाने मेंदूच्या विशिष्ट विकारावर उपचार करणाऱ्या युलियस वॅग्नर-यॉरेग यांना 1927 साली नोबेल मिळाले, हे वास्तवही घोष यांनी कथानकात गुंफले आहे. कल्पिताला इतिहासाचा असा भक्कम पाया मिळाल्याने सुविन यांना अभिप्रेत असलेला बोध येथे साधतो. न्यूयॉर्कमध्ये संगणकासमोर बसून मुरुगनच्या हरवलेल्या ओळखपत्राचा माग काढणारा इजिप्शियन कर्मचारी अंतर, 1995 चे कलकत्ता आणि एकोणिसाव्या शतकातील प्रयोगशाळा असे तीन स्तर परस्परांत मिसळत जातात.

मंगलाच्या गटाचे तत्त्व मौनाचे आहे. एखादी गोष्ट जाणणे म्हणजे ती बदलणे, म्हणून ज्ञान लपवूनच पुढे न्यायचे, अशी त्यामागील धारणा आहे. पाश्चात्त्य विज्ञानाच्या जाहीर प्रकाशनाच्या तत्त्वाला दिलेले हे आव्हान वैचारिकदृष्ट्या आकर्षक आहे. परंतु याच ठिकाणी कादंबरीची मर्यादाही स्पष्ट होते. मंगला स्वतः आपली कथा सांगत नाही. तिच्याविषयी इतर बोलतात. सफाई करणाऱ्या स्त्रीला श्रेय मिळवून देण्याच्या ओघात लेखक तिला गूढ देवतेच्या जागी नेऊन बसवितो. देवता करणे हा देखील माणूसपण नाकारण्याचा एक प्रकार आहे, याची जाणीव स्त्रियांच्या व दलितांच्या आत्मकथनांमधून घडलेल्या मराठी वाचकाला विशेषत्वाने होईल. घोष यांना पुढे 2018 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. 'द ग्रेट डिरेंजमेंट' (2016) या ग्रंथात त्यांनी हवामानबदलासारखा विषय गंभीर कादंबरीच्या कक्षेबाहेर ढकलला जातो व विज्ञानकथेच्या खात्यात टाकला जातो, अशी तक्रार मांडली. ती तक्रार करण्यापूर्वी दोन दशके त्यांनी स्वतः ही सीमा ओलांडली होती, हे लक्षणीय आहे.

'द फिफ्थ सीझन' : भय, शोषण आणि भूगर्भ

जेमिसिन यांच्या या कादंबरीला 2016 साली ह्यूगो मिळाला. त्रयीतील पुढील दोन कादंबऱ्यांनाही 2017 व 2018 साली तोच मान मिळाला. सलग तीन वर्षे आणि एकाच त्रयीच्या तिन्ही भागांना ह्यूगो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. अद्भुत आणि विज्ञान यांच्या सीमेवरील या कादंबरीतील भूखंड सतत भूकंपांनी हादरत असतो. अधूनमधून 'पाचवा ऋतू' येतो, म्हणजे सर्वनाशाचा दीर्घ काळ. भूगर्भातील ऊर्जा वळविण्याची जन्मजात शक्ती असलेले 'ओरोजीन' या भूमीला स्थिर ठेवतात, आणि त्यांच्याच वाट्याला द्वेष, कैद व हत्या येते. भूकंप शमविण्यासाठी ठिकठिकाणी उभारलेल्या केंद्रांत ओरोजीन मुलांना जाणिवेपासून तोडून निव्वळ उपकरण म्हणून जिवंत ठेवले जाते. ज्यांच्या श्रमांवर समाज उभा आहे त्यांनाच तो अमानुष ठरवितो, हे या प्रकरणात विलक्षण थंडपणे येते.

निवेदनतंत्रही आशयाशी जोडलेले आहे. दमाया, सायेनाइट आणि एसुन या तीन स्त्रियांच्या कथा समांतर चालतात व शेवटी त्या एकाच स्त्रीच्या आयुष्यातील तीन अवस्था असल्याचे उलगडते. शोषणामुळे व्यक्तीचे तुकडे होतात, हे विधान न राहता वाचनाचा अनुभव बनते. एसुनचा भाग द्वितीयपुरुषी आहे; पोटचा मुलगा पित्याच्या हातून मारला गेल्यावर स्वतःला 'मी' म्हणण्याचेही त्राण न उरलेल्या स्त्रीसाठी ही योजना समर्पक ठरते. दगडात कोरलेली आज्ञावचने अढळ समजली जातात, परंतु तीही काळाच्या ओघात बदलली गेली आहेत, असे कादंबरी दाखविते. ग्रंथप्रामाण्याची चिकित्सा करणारी परंपरा ज्या महाराष्ट्रात आहे तेथील वाचकाला हा धागा ओळखीचा वाटेल.

मात्र जातिव्यवस्थेशी या कादंबरीची सरळ तुलना करण्याचा मोह टाळला पाहिजे. ओरोजीनांची शक्ती कादंबरीत खरोखरच घातक आहे. घाबरलेले मूल नकळत अनेकांचे प्राण घेऊ शकते. त्यामुळे समाजाच्या भयाला काही आधार मिळतो. अस्पृश्यतेमागील भयाला असा कोणताही आधार कधीच नव्हता. शोषितांना अलौकिक शक्ती बहाल करणाऱ्या रूपकाची ही अंगभूत अडचण आहे व जेमिसिन तिच्यातून पूर्णपणे सुटू शकलेल्या नाहीत. ओरोजीनांसाठी वापरली जाणारी शिवी त्यांच्यापैकीच काहीजण हेतुपुरस्सर स्वतःसाठी वापरतात. 'दलित' ही संज्ञा मात्र शिवीतून आलेली नसून आत्मभानातून स्वीकारलेली आहे. हा फरक विद्यार्थ्यांसमोर ठेवला तर तौलनिक चर्चा अधिक काटेकोर होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. पुरस्कार हा निवडीचा प्रारंभबिंदू आहे. तो वाचकांचा, लेखकांचा की परीक्षकांचा, हे पाहून व त्याच्या इतिहासातील दोष ध्यानात घेऊनच त्याचा उपयोग करावा.

2. चारही कादंबऱ्या वाचनीय ठरतात त्या त्यांच्यातील कल्पित नियम भाषा, संस्था, इतिहास व निवेदन यांपर्यंत पोहोचतो म्हणून. प्रत्येकीत ठळक उणीव आहे आणि ती उणीव तिच्या महत्त्वाकांक्षेच्या जवळच आढळते.

3. या चौघींपैकी एकच निवडावयाची झाल्यास 'द डिस्पझेस्ड'ला प्रथम स्थान द्यावे लागेल, कारण स्वतःच्या आदर्शाची इतकी कठोर तपासणी उर्वरित तिघींत आढळत नाही. अनुवादविद्येच्या दृष्टीने मात्र 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' अधिक उपयुक्त आहे.

4. 'विज्ञान किती अचूक' या प्रश्नाच्या जोडीला 'कल्पिताने माणसांमधील नाते किती बदलले' हा प्रश्न मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेने विचारावयास हवा. 'कृष्णविवर'पासूनच्या मराठी विज्ञानकथेचे या दृष्टीने पुनर्वाचन झाल्यास तिच्यातील काही कथांचे मूल्य वाढेल, तर काहींचे कमी होईल. त्या दोन्ही शक्यता स्वीकारूनच या वाङ्मयप्रकाराला साहित्याच्या वर्गात समान जागा देता येईल.